शेवटची दोन अक्षरं

रक्तपेढीत संगणकच अकारविल्हे यादी करून दोघादोघांची ड्यूटी लावायचा. तिचं नाव ‘क्ष’वरून, त्याचं ‘ज्ञ’वरून, यादीच्या शेपटाला ही जोडी कायमची. तिच्या थर्मासला झाकणंही दोन. बोलणं मात्र वर्षानुवर्षं “चहा?” आणि “द्या की” यापलीकडे गेलं नव्हतं. मग संगणकात नवी प्रणाली आली आणि ‘क्ष’ गेला ‘क’मध्ये, ‘ज्ञ’ गेला ‘ज’मध्ये. आज तिच्या जोडीला अखंड बडबडणारी बाई होती. दुसरं झाकण कोरडंच राहिलं. ते हातात घेऊनच ती तावातावाने संगणकवाल्याकडे गेली. “‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटीच हवेत. पहिलीतल्या पोरालाही कळतं!” “होय हो मॅडम, करतोय दुरुस्त,” तो वैतागला. “सकाळपासून ही दुसरी तक्रार.” “पहिली कोणाची?” “ते ‘ज्ञ’वाले साहेब, तुमच्यासारखेच तणतणत आले होते. आणि म्हणतात काय, ‘ज्ञ’ कुठेही टाका, पण त्याच्या शेजारी ‘क्ष’च हवा!”