यंदा नवीन किती?

“पण एवढा ब्रेड खातंय कोण तुमच्या घरात?” गर्दीतून एका बाईंनी विचारलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. कृष्णातही हसला.

कोल्हापुरात छंदवेड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. एका बाजूला जुनी नाणी, दुसऱ्या बाजूला पोस्टाची तिकिटं, आणि मधे कृष्णातचं टेबल. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो साचे बनवायचा. टेबलावर मात्र होत्या ब्रेडच्या पुड्याच्या तोंडाला लावतात त्या प्लास्टिकच्या चपट्या क्लिपा. निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या. काळ्या मखमलीवर घराणी पाडून मांडलेल्या. प्रत्येक घराण्याखाली एक चिठ्ठी. बोळकी: दात नसलेली. चावरी: काढताना बोट धरणारी. पावणं: एकदा बसलं की उठत न्हाईत. सगळ्यात जास्त गर्दी होती आमदारांपुढे. तोंड मोठं, पकड ढिली.

परीक्षक विजयसिंह स्वतः काड्यापेट्या जमवणारे. आमदारांची चिठ्ठी वाचून त्यांना इतकं हसू आलं, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पहिला नंबर त्यांनी तिथंच मनाशी ठरवून टाकला. आता एकच प्रश्न उरला होता. तो ते प्रत्येकाला विचारत. वाढत नाही तो संग्रह मेलेला, असं त्यांचं मत होतं.

“यंदा नवीन किती आल्या?”

“एकबी न्हाय,” कृष्णात छाती काढून म्हणाला.

विजयसिंह थबकले. असं सांगताना लोकांची मान खाली जाते. “आणि गेल्या वर्षी?”

“गेल्या वर्षीबी न्हाय.”

विजयसिंहांना वाईट वाटलं. नियम त्यांचाच होता आणि माणूस तर त्यांना आवडला होता. स्पर्धकांच्या यादीत कृष्णातचा छंद वाचून त्यांनी घरून एक लहानसं पाकीट आणलं होतं, ते खिशातून काढलं. परदेशातल्या भाचीनं पाठवलेल्या ब्रेडच्या क्लिपा होत्या त्यात, इकडे कधी न दिसणाऱ्या रंगांच्या. “ह्या घ्या. आत्ताच मांडून टाका. मी चहा घेऊन येतो, मग बघतो.”

कृष्णातनं एक क्लिप उजेडात धरली. दातांवरून अंगठा फिरवला. त्याचे डोळे चमकले. “ही चावऱ्यांतली. ही मात्र निराळीच दिसतीया.” मग त्यानं सगळ्या क्लिपा पुन्हा पाकिटात भरल्या आणि पाकीट परत केलं.

“नको, साहेब. नवीन घेत न्हाय आता. संग्रह बंद केलाय.”

“का हो? इतकी झकास नावं ठेवलीत.”

“नावं माझी न्हाईत. आमच्या पोरीची, तेजस्वीची. अंथरुणावर पडल्या पडल्या ठेवली तिनं. आतड्याचं दुखणं होतं. भाकरीचा तुकडा पोटात टिकायचा न्हाय, ब्रेड तेवढा टिकायचा. पुडा फोडला की क्लिप तिच्या हातात.”

टेबलाभोवतीचं हसणं थांबलं. मघाच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. विजयसिंहांनी पाकीट हळूच खिशात ठेवलं. “माफ करा,” ते म्हणाले. “मला माहीत नव्हतं.”

“माफी कशाची?” कृष्णातला आधी कळेनाच. मग कळलं, आणि तो इतक्या मोठ्यानं हसला, की नाण्यांच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. “अवो, तसं न्हाय काय! तेजू, हिकडं ये की!”

दारातून एक उंच मुलगी आत आली. ओठ लालभडक, नाकातून पाणी, हातात रुमाल.

“पप्पा, बाहेर मिसळ खाऊन आलो. कट दोनदा मागून घेतला. ब्रेड तेवढा परत दिला.”

कृष्णातनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि परीक्षकांकडं बघितलं.

“ही भाकरी खायला लागली, त्या दिवसापासनं घरात एकबी क्लिप आलेली न्हाय, साहेब. तेच तर दाखवायला मांडलंय.”