बोलतंय कोण?

"डॉक्टर, पायतानं भाईरच काढा. आन् हळू बोला. घरात देवी आलीय."

देवी काढणारे नूरमहंमद उंबऱ्याशीच थबकले. मागच्या खेपेला त्यांनी मळवलीत लहानथोर सगळ्यांच्या दंडाला देवीची लस टोचली होती. फोड येऊन ती कुणाला लागली, कुणाला नाही, ते बघत आज घरोघर फिरत होते. बाकीच्या घरांत लोक दंड दाखवून आपल्या कामाला लागले. इथं मात्र चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. आत फोडणीचा वास नाही, की भांड्याचा आवाज नाही.

"कुणाला आली?"

"आमच्या महिपतीला," झुंबरबाई कुजबुजली. "तुमी टोचून गेलाव, आन् मागनं ताप भरला."

महिपती तिचा थोरला. चांगला पंचविशीचा गडी, भाताच्या खाचरात दोघांचं काम एकटा ओढणारा, पण माणसांत आला की अवघडायचा. लहानपणापासून तसाच. कुणाचा हात लागला की अंग चोरायचा, गलका झाला की कान दाबून धरायचा, आणि काही विचारलं तर विचारलेलंच परत म्हणायचा. गाव त्याला येडा म्हणे. झुंबरबाई म्हणे, माझा साधा हाय.

तो भिंतीला टेकून बसला होता. डावा दंड टम्म सुजलेला, टोचल्या जागी टपोरे फोड. नूरमहंमदांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लस छान लागली होती.

"दुखतं का रे?"

"दुखतं का रे," महिपती म्हणाला.

"बघा, असं," झुंबरबाई म्हणाली. "तापात नुसतं 'हात न्हाई, हात न्हाई' चाललं हुतं. म्हणलं, हाय की रं हात, तर रडाया लागला. आमाला काय बी कळंना. मग शेजारची सरुबाई म्हणली, ही देवीच हाय, तिलाच इचारा. म्हणून हात जोडून इचारलं, देवी, तुला काय पायजे?"

"मग?"

"बोलला की! फोडणी नको म्हणला. मोठ्यानं हाका नको. जड गोधडी पायजे, एकावर एक दोन. भात येगळा, दही येगळं, कालवायचं न्हाई. देवीचा शबुद, मोडायचा कसा? समदं केलं. आमचा मारुती बी आत पाय ठेवत न्हाई."

धाकटा मारुती खरोखरच दाराशी हात जोडून उभा होता. एरवी भावाला हाक मारायची म्हणजे पाठीत एक धपाटा, ही त्याची रीत. मायेनंच घालायचा, पण धपाटा तो धपाटाच.

नूरमहंमद पेचात पडले. आपण मुसलमान माणूस, दुसऱ्याच्या घरातल्या देवीबद्दल बोलावं तरी कसं? शेवटी जमिनीकडे बघत म्हणाले, "मावशी, देवी आल्या की अंगभर फोड येतात. याला फक्त टोचलं तिथंच आहेत. ही लस लागलीय. तिनं ताप येतो, हात ठणकतो, काखेत अवधाणाची गाठ येते. एखाद्याला थोडं जास्त होतं. आता उतरणीला लागलंय."

"म्हंजी, देवी न्हाई?"

"नाही. ती येऊ नये म्हणूनच तर टोचलं."

"ह्याच्या अंगात बी न्हाई?"

"नाही, मावशी."

झुंबरबाईनं वळून महिपतीकडे बघितलं.

"मग इतके दिस बोलतंय कोण?"

"कोण म्हणजे? तुमचा मुलगाच की."

तिला ते काही केल्या उमगेना. फोडणी पडली की नाक दाबून घराबाहेर पळायचा, ते पोरपणापासूनच. भर उन्हाळ्यात गोधड्या ओढून घ्यायचा आणि ती त्या खसकन काढून घ्यायची. म्हणजे तो आधीही सांगतच होता? आणि आपण ऐकलं ते देवीच्या धाकानं? पोरगा बोलला याचा आनंद मानावा की स्वतःची लाज वाटून घ्यावी, हेच तिला कळेना.

मारुतीला मात्र सगळं झटकन कळलं.

"देवी न्हाई व्हय! च्यायला, इतके दिस बिनफोडणीचं गिळतोय मी!" तो मोठ्यानं हसला, तरातरा आत आला आणि भावाच्या पाठीत धपाटा घातला. "ऊठ की गड्या, लय कौतुक झालं!" चुलीपाशी बसलेली त्याची बायको शालूबाई तेवढ्याचीच वाट बघत होती. तिनं तेल तापवलं, मिरच्या टाकल्या. घरभर मिरच्यांच्या धुराचा खाट उठला.

महिपतीनं कानांवर हात नेले. डावा हात वर जाईना. तो भांबावून आईकडे बघू लागला, मग मारुतीकडे, मग परत आईकडे. सकाळपर्यंत सगळे विचारत होते, काय पायजे म्हणून. आता कुणीच विचारत नव्हतं. ठसका लागून झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पदरानं पुसत होती.

मग तो उठला आणि नूरमहंमदांच्या अगदी समोर येऊन बसला. परक्या माणसाच्या इतक्या जवळ तो कधी बसत नसे. पैरणीची उजवी बाही त्यानं दातांत धरली, ओढून ओढून खांद्यापर्यंत नेली आणि तो धडधाकट दंड त्यांच्यापुढे केला.

"ह्यात बी टोचा," तो म्हणाला. "दुखू द्या."