माहेरची दुपार

अत्तरं करणाऱ्या मृदुला कामतने आठवणीतून अत्तर काढणाऱ्या यंत्राला आपली एक आठवण दिली होती: माहेरची दुपार, पिकलेला फणस, देवापुढचा ऊद. तिचं अत्तर हुंगलं की कुणालाही ती दुपार डोळ्यांसमोर दिसे. प्रदर्शनात एका वयस्कर बाईंनी ते मनगटाला लावून डोळे मिटले.

“अगं, आतल्या खोलीतले आजोबा पाणी मागतायत. तीनदा हाक मारली त्यांनी. घरात कुणी नाही का?”

यंत्राने आवाज उचलले नाहीत, अशी मृदुलाची समजूत होती. शरमेने तिची मान खाली गेली.

“मी होते. माझे वडील ते. नेहमीचंच म्हणून उठले नाही. तासाभराने आत गेले, तर ते थंडगार पडले होते.”

बाईंनी पदराने मनगट खसाखसा पुसलं.