बांधातली काळी नळी

कडूबाच्या कुदळीचा घाव बसला आणि बांधातली काळी नळी तुटली. पाणी आलं नाही. मोटार बंद असेल, असं त्याने धरलं. सामाईक विहिरीचं पाणी धाकटा भाऊ रायभान चोरून नेतोय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"दादा, थांब! ती पाण्याची नाही, इंटरनेटची आहे! सरकारने टाकलीय!" रायभान ओरडत धावत आला.

"मला शेंबडं पोर समजतो व्हय रे? इंटरनेट कधी मातीतून येतं?" कडूबाने कुदळीचा दांडा फिरवला. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. रायभान आडवा झाला आणि बांधावरची माती रक्ताने भिजली.

रक्त पाहताच कडूबाचा राग पार उतरला. भावाला पाठुंगळी घेऊन तो ग्रामपंचायतीकडे पळत सुटला. डोंगराआडच्या त्या गावात मोबाइलला रेंज नव्हती. सरकारी पैशातून पंचायतीत इंटरनेट आलं, तेव्हापासून ॲम्ब्युलन्स तिथूनच बोलावत.

"ताई, गाडी बोलवा! लवकर!"

संगणकावरच्या ताईने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. "आत्ताच बंद पडलं हो. कुठंतरी केबल तुटली वाटतं."

"ताई, ती बांधातली नळी..." कडूबा सांगू लागला. भावाचं रक्त त्याच्या मानेवरून ओघळत होतं. रायभानने कसंबसं तोंड त्याच्या कानाशी आणलं.

"सांगू नको, दादा. सरकारी आहे. तुला आत टाकतील."

आणि कडूबाच्या गळ्याभोवतीची त्याची मिठी सुटली.