मधला खळगा

पट्टीच्या मधोमध पुन्हा खळगा होता.

तिने पट्टी पुसली, सरफेस प्लेटच्या तंतोतंत सपाट पृष्ठावर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला आणि पट्टी त्यावर घासून उलटी केली. दोन्ही टोकांना निळे ठिपके, मध्ये नुसतं कोरं बीड, पट्टीचं ओतीव लोखंड. काल संध्याकाळी याच पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपके उमटले होते. मग तिने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि घरी गेली. रात्रीतून बीड कोण खातं?

हे अकरा दिवस चाललं होतं. काम सांगायला सोपं. निळा रंग लागतो तो उंचवटा. तो स्क्रेपरने हलकेच खरवडायचा, पुन्हा घासून बघायचं, पुन्हा खरवडायचं, पट्टी सपाट होईपर्यंत. ही हातभर पट्टी जमली की कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेला जुना लेथ तिच्या हाती येणार होता. तोवर नाही.

जुनी यंत्रं नव्यासारखी करून देणारा हा कारखाना काकांचा. ती सकाळी औषधांच्या दुकानात कामाला जाण्याआधी इथे डोकावायची आणि संध्याकाळी दुकान सुटलं की स्क्रेपर हाती घ्यायची. काका आणि तिचे बाबा सख्खे भाऊ. एकेकाळी दोघं इथेच काम करत. ती पाच वर्षांची असताना काहीतरी बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. ती इथे शिकायला निघाली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "जा. पण तिथलं मला काही सांगू नकोस."

काकांनी मात्र पहिल्याच दिवशी तिला आपली किल्ली दिली आणि एक जुना, धूळ खाल्लेला टेबललॅम्पही दिला. त्यात बल्ब केवढा तरी मोठा. "अंधारात डोळे फोडू नकोस," म्हणाले, "पट्टीच्या अगदी जवळ ठेव." स्वतः ते दिवसाउजेडी खिडकीशीच काम करत.

"काका, पुन्हा बिघडलं."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग पुन्हा कर."

"पण बिघडतं का?"

"ते तू शोधायचंस."

शटरच्या किल्ल्या दोनच. दुसरी दादाकडे, म्हणजे काकांच्या मुलाकडे. तो लेथ भंगारात काढा म्हणून दादा काकांच्या मागे लागला होता. तिला येताजाता चिडवायचा, "काय डॉक्टरीणबाई, लोखंडाला कुठली गोळी देताय आज?" तिच्या मनात नको ते यायला लागलं. येऊ नये असं वाटूनही येत राहिलं.

"दादा, तुझी किल्ली थोडे दिवस माझ्याकडे देशील?" शेवटी तिने विचारलंच.

दादाचं हसू मावळलं. त्याला कळायचं ते कळलं. "घे बाई. दोन्ही तुझ्याकडेच ठेव." त्यानंतर तो तिला चिडवायचा थांबला.

दोन्ही किल्ल्या तिच्या उशाखाली होत्या. सकाळी पट्टीत खळगा होताच.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाकडे बघवेना आणि पट्टीकडेही बघवेना. आपल्यालाच संध्याकाळी भलतं दिसतं की काय, असंही तिला वाटून गेलं. हात खरा की डोळे खरे, काही उमजेना.

शनिवारी दिव्याचा बल्ब उडाला. रविवारी तिला सुट्टी होती, म्हणून ती काकांसारखी खिडकीशी बसली आणि उजेड आहे तोवर काम उरकलं. सोमवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी जुळली. आनंद व्हायला हवा होता; तिचा गोंधळ दुप्पट झाला. आपण काल वेगळं काय केलं?

संध्याकाळी तिने नवा बल्ब बसवून दिवा पट्टीजवळ लावला. स्क्रेपर उचलायच्या आधी पट्टी बराच वेळ तळव्याने पुसत बसली, आणि तळवा मध्येच थबकला. टोकं गार होती. मध्य चांगला कोमट होता. तिने पट्टी घासून पाहिली. निळा रंग फक्त मधोमध. तिने दिवा मालवला, तासभर हातावर हात ठेवून बसली आणि पुन्हा घासली. निळे ठिपके या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पट्टीला कोणीही हात लावला नव्हता. दिव्याच्या उष्णतेने पट्टी मध्ये फुगत होती, आणि इतके दिवस ती तोच फुगवटा इमानेइतबारे खरवडत होती; रात्री पट्टी गार झाली की तिथे खळगा.

मंगळवारी सकाळी दादा बंद शटरबाहेर उभाच होता. तिने त्याची किल्ली पुढे केली. "दादा, चुकले मी. तो दिवा होता."

"चोराच्या हाती किल्ली देतेस?" दादा म्हणाला, पण किल्ली खिशात टाकताना थोडं हसला.

मग काका आले. तिने घाईघाईने सगळं सांगितलं, दिवा लावून दाखवला, पट्टीचा मध्य त्यांच्या बोटांना लावला. शाबासकीची वाट पाहत राहिली. काका कोपऱ्यात गेले आणि त्यांनी लेथवरची ताडपत्री ओढली.

"हा लेथही असाच रोज संध्याकाळी जुळायचा आणि सकाळी बिघडायचा," ते म्हणाले. "दुसरी किल्ली तेव्हा तुझ्या बाबांकडे होती."

तिने वळून दिव्याकडे पाहिलं.

"तूच बिघडवतोस, असं सगळ्या कामगारांसमोर बोललो त्याला. किल्ली इथे टाकली आणि गेला."

"आणि दिव्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"चार महिन्यांनी."

"चार महिन्यांनी? मग बाबांना सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडाने सांगू?" काकांनी दिव्याचं बटण बंद केलं. "पंचवीस वर्षं जमलं नाही. म्हणून तर तू आलीस, त्याच दिवशी हाच दिवा माळ्यावरून खाली काढला."