‘हंबरडा’चं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एकच नियम होता. स्वतःच्या कानांनी जे ऐकलं, त्याचंच वाक्य त्या शब्दाच्या कार्डावर लिहायचं आणि खाली तारीख, स्थळ टाकायचं. ‘टाहो’चं कार्ड भरलं होतं, ‘आक्रोश’चंही. ‘हंबरडा’ तेवढा सात वर्षं हटून बसला होता.

“एखादं वाक्य मनानं घालून टाकू की, सर,” असं मी एकदा म्हणाले, तर संपादक उखडलेच.

“छे! गाय वासरासाठी हंबरते, तसा माणसाच्या पोटातून निघतो तो हंबरडा. तो ऐकायलाच लागतो, बाई.”

आज छापखान्यातून परतले, तर सर चक्क दारापर्यंत सामोरे आले. स्वतःच्या हातानं खुर्ची सरकवली, पाण्याचा पेला पुढे ठेवला. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून खिडकी लावली. मग पंखाही बंद केला.

“तुमच्या जाऊबाईंचा फोन होता मघाशी. पुन्हा करतील.”

लेकीला सकाळी तापानं फणफणलेली त्यांच्यापाशीच सोडून आले होते. “ताप वाढला का तिचा? काय म्हणाल्या त्या?”

“त्यांच्याच तोंडून ऐका.”

फोन वाजला. एका हातानं रिसीव्हर माझ्याकडे देताना दुसऱ्या हातानं सर पेनाचं टोपण काढत होते. त्यांच्यासमोर ते कार्ड होतं. वर शब्द, तळाशी आजची तारीख आणि स्थळ: कोशाची कचेरी.

मधली ओळ तेवढी कोरी होती.