मूळचे भाग

“काकू, ड्रिल खाली ठेवा! चाळीस वर्षं जुनी गाडी आहे ही!”

जुन्या रिमोटच्या गाड्या जमवणारा हा तिशीतला तरुण माझी बग्गी विकत घ्यायला आला होता. मी त्याचं ऐकलं नाही. शॉकअप जिथे अडकतात त्या पुढच्या पट्टीत नवीन भोक पाडलं. तडकलेले प्लॅस्टिकचे शॉकअप काढले आणि ॲल्युमिनियमचे लांब शॉकअप हातात घेतले. त्यांत तेल भरलं, शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत दांडा सावकाश वरखाली केला, मगच बसवले. इथे घाई केली, की गाडी बेडकासारखी उड्या मारत सुटते.

त्याने कपाळाला हात लावला. “मूळचे भागच गेले! आता हिला कोण विचारणार? मी तर काचेच्या कपाटात ठेवणार होतो.”

“अरे, माझे दोन्ही गुडघे बदललेत,” मी म्हटलं. “सहा महिने झाले. मुलगा रोज सांगतो, आई, आता एका जागी बस. म्हणजे मलाही कपाटातच ठेवायचं का?”

मी रिमोट उचलला आणि दार उघडलं.

बग्गी जिन्यावरून सुसाट निघाली. प्रत्येक पायरीवर आपटली, दबली, पुन्हा ताठ झाली. खाली पोचल्यावर मी तिला वळवून माझ्याकडे तोंड करून उभी केली आणि जिन्याचा कठडा धरला.

“लिफ्ट बोलावू का, काकू?” त्याने हळूच विचारलं.

मी कठडा सोडला आणि पहिली पायरी उतरले.